जुना संगणक टाकण्यापूर्वीचा तिसरा पर्यायही छापावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'विंडोज १०' या प्रणालीला मिळणारे नियमित सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तेव्हापासून आपल्या दैनिकासह अनेक वृत्तपत्रांनी वाचकांना वेळोवेळी सावध केले, हे योग्यच झाले. मात्र सावध झाल्यावर करायचे काय, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी दोन वाक्यांत आटोपलेले दिसते : संगणक चालण्यासारखा असेल तर त्यावर 'विंडोज ११' घ्यावी, नसेल तर नवा संगणक विकत घ्यावा. फार तर ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव मुदतीचा उल्लेख असतो. याखेरीज आणखी एक मार्ग आहे : जुन्याच संगणकावर 'विंडोज'ऐवजी 'लिनक्स' ही मोफत मिळणारी संगणक-प्रणाली बसवणे. तो मी २०२२ च्या दिवाळीपासून रोज वापरते आहे, आणि तो माझ्यासारख्या तंत्रज्ञानाशी काहीही संबंध नसलेल्या गृहस्थाश्रमी माणसासाठी अतिशय भरवशाचा ठरला आहे. तरीही त्याचे नाव या बातम्यांत येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास माझी हरकत नाही.

मी चिपळूणला माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. संगणकाचे माझे औपचारिक शिक्षण म्हणजे नोकरीत असताना केलेला एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम, आणि त्यातलेही निम्मे मी विसरले आहे. शिवणयंत्राला तेल कुठे घालावे हे मला कळते, संगणकाच्या बाबतीत तेवढेही कळत नाही. हे सांगण्याचे कारण असे की 'लिनक्स' हे नाव काढताच समोरचा माणूस काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे टाइप करणाऱ्या तरुणाचे चित्र डोळ्यांपुढे आणतो, आणि "हे आपल्यासाठी नाही" म्हणून मोकळा होतो. माझ्या लॅपटॉपवर तसला काळा पडदा आजवर दोनदा उघडला गेला आणि दोन्ही वेळा तो उघडणारी व्यक्ती मी नव्हते.

लॅपटॉप २०१५ सालचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले तेव्हा खालच्या खोलीतला टेबलावरचा संगणक, शिलाई मशीन आणि चार कपाटे पुस्तके गेली. हा लॅपटॉप माळ्यावर चढवलेल्या गाठोड्यात होता म्हणून वाचला. त्यातला प्रोसेसर इंटेलचा चौथ्या पिढीचा. 'विंडोज ११'साठी साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते, त्यामुळे यंत्र चांगले चालत असूनही ते त्या अटीत बसत नाही. आमच्याकडील एका दुकानदाराने तर २०२२ मध्येच, "मॅडम, आता हा भंगारात द्या," असा निर्वाळा दिला होता. तेव्हा मी त्यात २४० जीबीची एसएसडी (जुन्या डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवून घेतली आणि रॅम (चालू कामापुरती स्मृती) ४ वरून ८ जीबी केली. लॅपटॉप सुरू व्हायला पूर्वी जितका वेळ लागे तेवढ्यात चहाचे आधण येत असे. आता गॅस पेटवून मागे वळेपर्यंत तो तयार असतो. मात्र या वेगाचे निम्मे श्रेय त्या एसएसडीचे आहे, सगळे लिनक्सचे नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. लिनक्सची भलामण करणारे उत्साही लोक हा भाग सांगायला हमखास विसरतात.

प्रणाली बसवून दिली ती माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. दहावीला मराठीत काठावर पास झालेला हा मुलगा आज संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि माझ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट समजावून सांगतो. त्याने निवडलेल्या प्रणालीचे नाव 'लिनक्स मिंट'. क्लेमां लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ही लिनक्सची एक शाखा आहे. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असली तर बरे, आणि डिस्कवर २० जीबी जागा पुरते. त्याने पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप त्यावरूनच सुरू केला आणि मला म्हणाला, "बाई, अजून आत काहीच बदललेलं नाही. आठवडाभर अशीच वापरून बघा, नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढून टाका." वायफाय लागते का, आवाज येतो का, छपाई होते का, हे सारे मूळ प्रणालीला हात न लावता पाहता आले. घेण्याआधी अशी पारख करू देणारी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. आंब्याच्या पेटीतलासुद्धा वरचाच आंबा हातात घेऊ देतात. आठवडा संपल्यावर आम्ही फोटो आणि कागदपत्रे दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घेतली आणि मगच प्रणाली बसवली. या पायरीवर डिस्क पुसली जाते, तिथे घाई करणाऱ्याला क्षमा नाही, हे वाचकांना निक्षून सांगितले पाहिजे. बसवण्याचे प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाच्या आत झाले. नक्कल उतरवण्यात दोन दिवस गेले.

आता भरवशाविषयी. भरवसा म्हणजे काय, तर संगणक काल जिथे ठेवला होता तिथेच आज सापडणे. माझ्या पडद्यावर खाली डावीकडे मेनू आहे, तो २०२२ मध्ये तिथे होता आणि आजही तिथेच आहे. मला न विचारता कोणतेही बटण जागचे हललेले नाही, कोणतीही जाहिरात उगवलेली नाही, कोणी माझे खाते उघडण्याचा आग्रह धरलेला नाही. सुधारणा येतात तेव्हा कोपऱ्यातल्या ढालीच्या चिन्हावर एक ठिपका उमटतो. मी सवडीने, बहुधा रविवारी दुपारी, ते चिन्ह उघडते, पासवर्ड देते आणि भाजी निवडायला बसते. क्वचित लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा अशी सूचना येते, तीही सूचनाच असते. सुरू असलेले काम थांबवून तो आपणहून बंद झाल्याचे मला एकदाही आठवत नाही. पावसाळ्यात ज्यांच्याकडे इंटरनेट कधी येते आणि कधी जाते याचा नेम नसतो, त्यांना या 'सवडीने' शब्दाची किंमत अधिक कळेल.

पावसाळ्यावरून विजेची गोष्ट निघणे अपरिहार्य आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर झाडाची एक फांदी तारांवर पडली की तालुक्याचा अर्धा भाग अंधारात जातो. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झाली आहे. ती बदलणे मी कंजूषपणाने टाळत आले. त्यामुळे लाइट गेली की लॅपटॉप त्या क्षणी बंद. असे गेल्या तीन पावसाळ्यांत किती वेळा झाले याची मोजदाद ठेवलेली नाही, पण लाइट आल्यावर तो प्रत्येक वेळी निमूटपणे सुरू झाला. मी याचे कारण त्या विद्यार्थ्याला विचारले. त्याने सांगितले ते माझ्या वडिलांच्या दुकानातल्या वह्यांमुळे मला चटकन समजले. लिनक्सची नेहमीची फाइल-व्यवस्था डिस्कवर काही बदल करण्याआधी, "मी आता अमुक करणार आहे," अशी नोंद एका रोजकीर्दीत करते आणि मग खतावणीत उतरवते. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना ती रोजकीर्द वाचते, अर्धवट राहिलेली नोंद एक तर पूर्ण करते किंवा सोडून देते, आणि खाते जुळलेले राहते. इंग्रजीतही या पद्धतीला रोजकीर्दीचाच शब्द आहे म्हणे. अशी व्यवस्था आता इतर प्रणालींतही असते. आणि तिने न साठवलेला मजकूर मात्र वाचत नाही. या पत्राचा पहिला परिच्छेद मी दोनदा लिहिला आहे.

टिकाऊपणाचे आणखी एक अंग म्हणजे मुदत. माझ्याकडे असलेली मिंटची २१ वी आवृत्ती जुलै २०२२ मध्ये आली आणि तिला २०२७ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत. तिच्या पुढची २२ वी २०२४ मध्ये आली, तिची मुदत २०२९ पर्यंत आहे. अधल्यामधल्या काळात जो तो नवेपणाच्या मागे धावत असताना आपण जुन्याच आवृत्तीवर निवांत बसलो तरी कोणी बोल लावत नाही. (या आवृत्त्यांना इंग्रजी वर्णक्रमाने मुलींची नावे देतात, आणि प्रत्येक नाव 'आ'कारान्त असते. माझीचे नाव व्हेनेसा, पुढचीचे विल्मा. हजेरीपट वाचण्याची सवय असलेल्या माणसाला हे फार आवडते.)

सारे काही गोड गोडच झाले असे मात्र नाही. गेल्या वर्षी मी डिस्कवरची जागा मोकळी करण्याच्या हौसेने एक न लागणारा प्रोग्राम काढायला गेले. याच्याबरोबर आणखी बऱ्याच गोष्टी निघून जातील, अशी यादी दाखवून लॅपटॉपने मला विचारले होते, आणि विद्यार्थ्यांना आयुष्यभर "प्रश्न नीट वाचा" असे बजावणाऱ्या मी ती यादी न वाचता 'पुढे' दाबले. दुसऱ्या दिवशी पडद्यावरचे निम्मे सामान गायब. दोष संपूर्णपणे माझा होता. तेव्हा 'टाइमशिफ्ट' नावाच्या सोयीचा उपयोग झाला. ती मिंटबरोबरच येते. एकदा सुरू करून ठेवली की दर आठवड्याला प्रणालीची एक प्रतिमा जपून ठेवते. विद्यार्थ्याने फोनवरून सांगितल्याप्रमाणे मी मागच्या आठवड्याची तारीख निवडली, साधारण वीस मिनिटे लॅपटॉप आपले काम करीत राहिला, आणि प्रणाली मागच्या आठवड्यात गेली. माझी पत्रे, फोटो, हिशेब यांना धक्का लागला नाही, कारण ही सोय सामान्यतः फक्त प्रणालीच्या फाइली मागे नेते, घरच्या फाइलींना हात लावत नाही. याच कारणाने घरच्या फाइलींची नक्कल वेगळी काढावी लागते, हेही लक्षात ठेवायला हवे.

मराठीविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझा जीव तिथे आहे. लिनक्समध्ये मराठी टंकलेखनासाठी काहीही विकत घ्यावे लागले नाही. कळफलकाच्या यादीतून मराठी निवडली आणि दोन कळा एकत्र दाबल्या की इंग्रजीतून मराठीत जाता येते. मी इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची कळरचना वापरते, त्यात डावा हात स्वरांचा आणि उजवा हात बहुतांशी व्यंजनांचा. 'क'च्याच कळीवर शिफ्ट धरली की 'ख' उमटतो, 'र'च्या कळीवर शिफ्ट धरली की 'ऱ'. तो पाय मोडून पुढे 'य' दिला की 'दऱ्या', 'सुऱ्या', 'बिचाऱ्या' हे शब्द जसे असायला हवेत तसे पडद्यावर येतात. ज्यांना इन्स्क्रिप्ट शिकायचे नाही त्यांच्यासाठी उच्चारानुसार टाइप करण्याच्या पद्धतीही आहेत. माझे पती तीच वापरतात आणि माझ्या मते फार चुका करतात, पण तो दोष लिनक्सचा नाही.

त्याहून आनंदाची गोष्ट अक्षरांच्या वळणाची. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदी 'ल' आणि 'श' यांहून वेगळी आहेत, हे मी वर्गात खडूने गिरवून दाखवीत असे, आणि छापील कागदावर मात्र वर्षानुवर्षे हिंदी वळणे पाहून चरफडत असे. आता लिब्रेऑफिसमध्ये (लेखन-हिशेबाच्या मोफत प्रोग्राममध्ये) मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली आणि त्या सोयीचा टंक (फॉन्ट) वापरला की तेच अक्षर मराठी वळणाने उमटते. भाषा 'हिंदी' केली की हिंदी वळणाने. अक्षर एकच, संकेत एकच, फक्त टंक भाषा ओळखतो. हे काम कुणीतरी बसून केलेले आहे. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले, आणि त्यांची पुढची निगा बरीचशी पुण्यातूनच राखली गेली. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांचे मेनूही मराठीत करता येतात. ते अनुवाद मुख्यतः स्वयंसेवकांचे, त्यामुळे कुठे सुरेख प्रतिशब्द भेटतो आणि कुठे हसू येते. शिवाय सर्वत्र पूर्ण झालेलेही नाहीत. मेनू मी इंग्रजीतच ठेवले आहेत, हे एका मराठीच्या शिक्षिकेने कबूल करणे अवघड आहे, पण मुलगी पुण्याहून फोनवर "फाइलवर क्लिक कर" म्हणते तेव्हा दोघींच्या पडद्यांवर एकच शब्द असावा लागतो.

शाळेच्या काळातील माझ्या काही प्रश्नपत्रिका युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची एकच संकेत-पद्धती) येण्यापूर्वीच्या टंकांत आहेत. ते टंक नसतील तर मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. टंकाची फाइल जवळ होती, ती लिनक्सवर बसवली आणि प्रश्नपत्रिका वाचता आल्या. जिथे फाइल नव्हती तिथे वाचता आल्या नाहीत. ही अडचण सर्वच प्रणालींवर सारखीच आहे.

रोजच्या कामांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. बँकेचे व्यवहार, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, प्राप्तिकराचे साधे विवरणपत्र, मुलीशी आणि नातवाशी दृक्-संवाद, हे सारे ब्राउझरमध्ये होते, आणि ब्राउझर तोच फायरफॉक्स किंवा क्रोम. मोबाइल केबलने जोडला की फोटो उतरवता येतात. जुनी नाटके पाहायला व्हीएलसी आहे, घरखर्चाचा हिशेब लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये आहे.

"फुकट मिळते म्हणजे काहीतरी गोम असणार," ही शंका माझ्या पतींनी पहिल्याच दिवशी काढली. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत. इंग्रजीत या बाबतीत मोठी पंचाईत आहे, कारण पैसे न पडणे आणि बंधन नसणे या दोहोंना त्या भाषेत एकच शब्द आहे. आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि लिनक्सचा खरा विशेष दुसरा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला तो याच मुक्ततेसाठी : प्रोग्राम वापरावा, तो कसा चालतो हे पाहावे, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिचा गाभा म्हणजे लिनक्स. आज त्या गाभ्यावर काम करणाऱ्यांपैकी अनेकांना इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्या पगार देतात, कारण त्यांचा स्वतःचा धंदा त्यावर उभा आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो, आणि वाचकांच्या खिशातील मोबाइल अँड्रॉइड असेल तर त्याच्याही पोटात तोच गाभा आहे. "आपण तुमच्या मोबाइलवर गेली दहा वर्षे लिनक्सच वापरतो आहोत," असे मी पतींना सांगितले तेव्हा शंका मिटली नाही, पण चर्चा थांबली. मिंटचा खर्च मात्र मुख्यतः देणग्यांतून आणि पुरस्कर्त्यांकडून चालतो.

विषाणूंची भीती कितपत, हा प्रश्न हमखास विचारला जातो. मी वेगळा अँटिव्हायरस घेतलेला नाही. माझ्या लॅपटॉपवर जे काही येते ते मिंटच्या स्वतःच्या भांडारातून, पारखून आणि शिक्का मारून येते. कोठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवलेला प्रोग्राम चालवण्याची वेळच येत नाही. परंतु याचा अर्थ अभेद्य कवच असा मुळीच नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका लहानशा, पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कुणीतरी मोठ्या चिकाटीने चोरदरवाजा घुसवल्याचे उघड झाले. तो सापडला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, आणि तोही दूरच्या संगणकावर प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलातून. हे गृहस्थ नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होते, हे विशेष. तोपर्यंत तो चोरदरवाजा काही अगदी ताज्या आणि चाचणीच्या आवृत्त्यांत पोहोचला होता. माझ्या व्हेनेसासारख्या, जुन्या आणि संथ आवृत्त्यांपर्यंत आलेलाच नव्हता. घरगुती वापरासाठी सर्वांत नवे ते घेऊ नये, मुरलेले घ्यावे, हे माझे मत त्या बातमीनंतर पक्के झाले. आणि बँकेतून बोलतो म्हणून ओटीपी विचारणाऱ्या भामट्यापुढे कोणतीही प्रणाली कामाची नाही.

कोणी लिनक्सकडे जाऊ नये, हेही सांगणे न्याय्य होईल. ज्यांचा व्यवसाय टॅलीवर किंवा फोटोशॉपवर चालतो, ज्यांना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन रोज वापरावे लागते, ज्यांच्या कार्यालयाने एक्सेलच्या मॅक्रोंवर सारा कारभार बांधलेला आहे, त्यांनी या फंदात पडू नये. मार्ग निघतात, पण ते माझ्यासारखीचे काम नव्हे. ज्या ऑनलाइन परीक्षांना स्वतःचा बंदिस्त ब्राउझर लागतो त्यांतल्या काही लिनक्सवर देताच येत नाहीत, तेव्हा घरात असा परीक्षार्थी असेल तर आधी चौकशी करावी. लिब्रेऑफिसमध्ये केलेला दस्तऐवज दुसऱ्याकडे वर्डमध्ये उघडला की टंक नसल्यास पानाची मांडणी सरकते. मी पाठवताना पीडीएफ करून पाठवते. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण'द्वारे काढायचा तर मोबाइलवर चेहरा दाखवून काढावा, बोटाचा ठसा घेणारे यंत्र लिनक्सला जोडण्याच्या खटाटोपात पडू नये. छपाईयंत्राच्या बाबतीत मला अर्धे यश आले : पेनड्राइव्हवरून पाहत होतो तेव्हाच घरचे यंत्र आपणहून ओळखले जाऊन छपाई सुरू झाली, पण त्याच यंत्राचा स्कॅनर चालू व्हायला एक संपूर्ण संध्याकाळ गेली, आणि वर उल्लेखिलेला काळा पडदा दोनपैकी एकदा उघडला तो तेव्हा. नवे यंत्र घेताना "लिनक्सवर चालते का?" असे दुकानात विचारावे. दुकानदाराला बहुधा ठाऊक नसते, तरी विचारावे.

अखेर विनंती. आपल्या दैनिकाने घरगुती वापरकर्त्यांसाठी या विषयावर एक लहानशी लेखमाला द्यावी, आणि ती माझ्यासारख्यांना कळेल अशा भाषेत असावी. साहित्य शोधायला लांब जायला नको. पवईच्या आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिस यांवर छोटे छोटे दृक्-श्राव्य पाठ तयार केले आहेत आणि त्यांतील अनेक मराठीतही विनामूल्य उपलब्ध आहेत. हे माझ्या परिचयातील एकाही माणसाला माहीत नव्हते. केंद्र सरकारने २०१५ मध्येच आपल्या कार्यालयांसाठी मुक्त आज्ञावलीचे धोरण जाहीर केले होते. केरळमधील सरकारी शाळांतील मुले गेली अनेक वर्षे लिनक्सवर संगणक शिकत आहेत. आमच्याकडील संगणक-शिक्षणात निदान एक आठवडा, "संगणक म्हणजे एकच प्रणाली नव्हे," एवढे दाखवण्यासाठी राखून ठेवता आला तर पुष्कळ होईल. गावोगावच्या दुरुस्तीच्या दुकानांनीही हे काम शिकून घ्यावे आणि त्याचे रीतसर पैसे घ्यावेत. मी त्या विद्यार्थ्याला बसवण्याचे पैसे दिले, आणि ते भंगारात दिलेल्या लॅपटॉपच्या किमतीहून त्यालाही परवडले असणार. नव्या लॅपटॉपला जे तीस-चाळीस हजार लागतात ते ज्या घरात सहज निघतात त्या घरांसाठी हे पत्र नाही.

एक शेवटची सूचना या पत्रापुरती. हा मजकूर युनिकोडमध्ये आहे. माझे मागील पत्र आपल्याकडे दुसऱ्या टंकात रूपांतरित होताना 'सह्याद्रीच्या दऱ्या' असे मी लिहिलेले 'सह्याद्रीच्या दर्या' असे छापून आले होते, आणि डोंगरात समुद्र कुठून आला असे दोन माजी सहकाऱ्यांनी मला फोन करून विचारले. या वेळी वरच्या परिच्छेदांत 'ऱ्य' बऱ्याच ठिकाणी आला आहे. मुद्रितशोधकांनी तेवढे कृपया पाहून घ्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण